चाळीसला एक कमी

कोर्टात 34 वर्षं काढलेल्या बाईला फिरायला कुठे न्यायचं, असा प्रश्न माझ्या लेकीला पडला होता. नायगारा मागच्या खेपेला झाला होता, न्यूयॉर्कही झालं होतं. मनू म्हणाली, "आई, या वेळी तुझ्या आवडीचं काहीतरी करू. मी चार दिवस रजा टाकते. इथली सगळ्यात जुनी कोर्टं कुठे भरायची ते बघू." माझा जावई हसला. त्याला वाटलं मी नको म्हणेन. मी मात्र त्याच रात्री वही काढली.

मी सिंधुदुर्गातली. जिल्हा न्यायालयातून सहायक अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. आयुष्यभर रोजनामे लिहिले आणि तपासले. त्यामुळे प्रवासात माझं लक्ष इमारतींपेक्षा रकान्यांकडे जास्त जातं: आरोपी कोण, फिर्यादी कोण, शिक्षा काय आणि दंड कुणी भरला.

पहिला दिवस: बॉस्टन

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. ऊन लख्ख होतं, पण वारा असा की कानटोपीशिवाय उभं राहवेना. बॉस्टनच्या फुटपाथवर विटांची एक लाल रेघ आखलेली आहे. ती धरून चालत राहिलं की सगळी ऐतिहासिक ठिकाणं ओळीने लागतात. रेघेची लांबी अडीच मैल, म्हणजे चार किलोमीटर. विटा वरखाली झालेल्या आहेत, तेव्हा चपला नकोत, बूटच घाला. आणि ट्रेनने या. शहराच्या मध्यभागी गाडी लावण्याचा खर्च ऐकून मी तो रुपयांत मोजायचंच सोडून दिलं.

किंग्ज चॅपलच्या शेजारचं कब्रस्तान 1630 चं, शहरातलं सर्वांत जुनं. तिथे एका पाटीच्या दगडाभोवती सात-आठ माणसं वाकून उभी होती. थडगं एलिझाबेथ पेन हिचं, साल 1704. दगडावर कोरलेल्या ढालीत इंग्रजी 'ए' (व्यभिचार, म्हणजे 'अडल्टरी'चं पहिलं अक्षर) दिसतो म्हणून 'द स्कार्लेट लेटर' या गाजलेल्या कादंबरीची नायिका हिच्यावरून सुचली, असं गाईड सांगतात. मी चष्मा पुसून तीनदा पाहिलं. बघायचाच म्हटलं तर दिसतो. तिची खरी गोष्ट मात्र तिथे कुणी सांगत नव्हतं. तान्ह्या मुलाच्या खुनाचा आरोप तिच्यावर होता. खुनातून ती सुटली, हयगयीबद्दल दोषी ठरली आणि वीस फटके खाऊन घरी गेली.

त्याच आवारात जॉन विन्थ्रॉपही आहे, मॅसॅच्युसेट्स बे वसाहतीचा पहिल्या पिढीतला गव्हर्नर. त्याच्या रोजनिशीत मेरी लॅथमची हकीकत आहे. निघण्यापूर्वीच मी ती वाचून ठेवली होती. मेरी अठराएक वर्षांची होती. आवडलेल्या मुलाने नाकारलं म्हणून ती हट्टाला पेटली, की आता पहिला जो मागणी घालेल त्याच्याशी लग्न करीन. पहिला निघाला एक म्हातारा. पुढे जे व्हायचं ते झालं. जेम्स ब्रिटन नावाच्या माणसाबरोबरचा संबंध उघडकीला आला. मेरीने कबुली देताना आणखी बारा पुरुषांची नावं घेतली. जे पकडले गेले त्यांनी कानावर हात ठेवले. तिच्या एकटीच्या शब्दाशिवाय पुरावा नव्हता, म्हणून ते सुटले. मार्च 1644 मध्ये मेरी आणि जेम्स दोघांनाही फाशी झाली.

म्हणजे शिक्षा दोघांना सारखीच, असं वरवर वाटतं. मलाही वाटलं. प्युरिटन लोक, म्हणजे ही वसाहत वसवणारे कडक धर्मनिष्ठ ख्रिस्ती, पुरुषालाही सोडत नसत ही गोष्ट खरी आहे, त्यांच्या श्रेयाची आहे. पण खोच कायद्याच्या व्याख्येत आहे. व्यभिचार म्हणजे लग्न झालेल्या किंवा लग्न ठरलेल्या *बाईशी* संबंध. पुरुष विवाहित असला आणि बाई अविवाहित असली, तर तो व्यभिचार नव्हेच, साधा अनाचार. मग दंड, फटके किंवा 'लग्न करून टाका' एवढ्यावर मिटायचं. गुन्हा मरणाचा की दंडाचा, हे पुरुषाच्या लग्नावर नाही, बाईच्या लग्नावर ठरे.

हे वाचल्यावर मला आमच्या कलम 497 चे कागद आठवले. 1860 चा कायदा. त्यात बाईला शिक्षा नव्हती, म्हणून लोक म्हणायचे, बघा बायकांची किती कड घेतली आहे. पण तक्रार करायची नवऱ्याने, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही! सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला ते रद्द केलं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. तिकडे बाईला फास, इकडे बाईला सूट, आणि दोन्हीकडे हिशेब नवऱ्याच्या मालकीचा.

फाशीचं पुढे ज्युरींनाच जड जाऊ लागलं. व्यभिचार सिद्ध झाला म्हणण्याऐवजी 'अशोभनीय वर्तन' म्हणायचं आणि फटक्यांवर भागवायचं, असं सुरू झालं. शेवटी 1694 मध्ये कायदा बदलला: गळ्यात दोर घालून तासभर फाशीच्या तख्तावर बसायचं, चाळिसापर्यंत फटके खायचे, आणि कपड्यांच्या रंगाहून वेगळ्या रंगाच्या कापडाचा दोन इंची 'ए' दंडावर किंवा पाठीवर कायमचा शिवून घ्यायचा. कायद्यात अक्षराचं माप! आमच्या कोर्टात अर्जाचा समास किती सोडायचा यावरून वाद व्हायचे, त्याची आठवण झाली.

राज्य विधानभवनासमोर ॲन हचिन्सन आणि मेरी डायर यांचे पुतळे आहेत. ॲनला 1637 च्या खटल्यात हद्दपार केलं. घरी सभा भरवून ती धर्मावर बोलायची, आणि हे बाईच्या जातीला शोभत नाही, असं विन्थ्रॉपने तिला तोंडावर सुनावलं होतं. तिची हद्दपारी राज्यपालांनी अधिकृतपणे रद्द केली 1987 मध्ये. साडेतीनशे वर्षं! आमच्याकडच्या दिवाणी दाव्यांना लोक उगाच नावं ठेवतात.

रात्री चाउडर खाल्लं. तिसऱ्यांचं दुधातलं कालवण म्हणा. मालवणी बाईच्या जिवावर येणारा पदार्थ, मासे आणि दूध एकत्र. आईने बघितलं असतं तर सोवळ्याने आंघोळ करायला लावली असती. मी दोन चमचे नाक मुरडत खाल्ले आणि उरलेला वाडगा मुकाट्याने संपवला. थंडीत बरं लागतं. त्यात त्रिफळं हवी होती, एवढंच.

दुसरा दिवस: प्लिमथ

बॉस्टनहून दक्षिणेला तासाभराचा रस्ता. दुतर्फा मेपल असे पेटलेले की मनू गाडी चालवताना मीच "पुढे बघ गो" म्हणत होते. वाटेत क्रॅनबेरीचं तळं लागलं. शेतात पाणी सोडतात, फळं वर तरंगतात, आणि कमरेएवढ्या पाण्यात उभी माणसं त्यांना दोराने एका बाजूला ओढून घेतात. लाल गालिचाच. तिथल्या बाईने ओंजळभर फळं दिली. करवंदाची कच्ची बहीण. मीठ-मिरचीबरोबर उत्तम लागली असती, पण ही सूचना मी तिला केली नाही.

1620 साली मेफ्लॉवर जहाजातली माणसं ज्या दगडावर उतरली असं सांगतात, तो दगड समुद्राकाठी एका खड्ड्यात ठेवला आहे. फुकट बघता येतो आणि तेवढ्याच किमतीचा आहे. मनू म्हणाली, "आपल्या धुण्याच्या दगडाएवढा आहे." त्यापेक्षा जवळ उभी असलेली जहाजाची प्रतिकृती बघा. मुलं बरोबर असतील तर जुन्या वस्तीची प्रतिकृतीही बघा. तिथे सतराव्या शतकाच्या वेशातली माणसं चुलीवर रांधताना भेटतात.

त्यातल्या एका 'गृहिणी'ला मी विचारलं, इथे बाईवर कोर्टात खटला झाला तर वकील कोण द्यायचं? तिने ढवळणं थांबवलं नाही. म्हणाली, वकील कसले, नवरा असेल तर नवरा बोलेल. मी विचारलं, खटला नवऱ्याने ओढवलेला असेल तर? तेव्हा मात्र पळी थांबली. तिने आजूबाजूला बघितलं आणि हळूच एकविसाव्या शतकातलं हसली.

प्लिमथ वसाहत बॉस्टनपेक्षा सौम्य समजली जाते. व्यभिचाराला इथे 1658 च्या कायद्याने फाशी नाही. दोनदा कडक फटके, आणि कापडात कापलेली 'ए' आणि 'डी' ही दोन मोठी अक्षरं बाहीवर किंवा पाठीवर शिवायची. मनू म्हणाली, "एडी? म्हणजे इसवी सन?" आम्ही दोघी त्या गंभीर फलकापुढे हसत सुटलो, आणि एक आजोबा आमच्याकडे रागाने बघत पुढे गेले.

त्याच्याही आधीचा, 1639 चा खटला मला बघायचा होता. येताना डक्सबरी गाव लागलं, तिथली मेरी मेंडम. नवरा रॉबर्ट. टिनसिन नावाच्या स्थानिक आदिवासी पुरुषाशी संबंध ठेवल्याचा आरोप. शिक्षा अशी: मेरीला गाडीच्या मागे बांधून गावच्या रस्त्यांतून फटके मारत न्यायचं. वसाहतीत राहील तोवर डाव्या बाहीवर बिल्ला. बिल्ल्याशिवाय सापडली तर तोंडावर तापलेल्या लोखंडाचा डाग. टिनसिनला गळ्यात दोर अडकवून खांबाला बांधून फटके, आणि तिथे त्याची सुटका. कारण निकालातच लिहिलं आहे: तिने भुलवलं म्हणून तो घसरला.

मी पुन्हा वाचलं. स्थानिक माणसाबद्दल त्या कोर्टाला एरवी फार माया होती असं नाही. पण त्याच्यात आणि तिच्यात निवडायची वेळ आली तेव्हा पारडं कुठे झुकलं ते स्पष्ट आहे. तो एकदा उभा राहिला आणि सुटला, ती गावभर फिरली आणि बिल्ला घेऊन जगली.

गावात 1749 चं लाकडी न्यायालय उभं आहे. मी बाहेरूनच पाहिलं. पांढऱ्या फळ्या, साधी दारं, आमच्या जुन्या मामलेदार कचेरीएवढं. तिथल्या बाकावर बसून डबा खाल्ला: मेथीचे ठेपले आणि लसणीची चटणी. मनूने विचारलं, "आपल्याकडे तेव्हा काय होतं गं?" मी सांगितलं, आपल्याकडे पेशवाईत 'बदकर्म' केलेल्या बाईला सरकार बटीक करायचं. मग तिने किल्ल्यावर किंवा कोठीत राबायचं, आणि तिला विकताही यायचं. बरोबरचा पुरुष बहुधा दंड भरून मोकळा. मनू ठेपला हातात धरून गप्प बसली. म्हटलं, खा, थंड होतोय.

तिसरा दिवस: सेलम

एक सूचना आधीच देते. ऑक्टोबरात सेलमला गाडीने जाऊ नका. बॉस्टनच्या नॉर्थ स्टेशनहून लोकल अर्ध्या तासात सोडते. आम्ही ट्रेनने गेलो, तरी स्टेशनपासूनच जत्रा. टोकदार टोप्या, हिरवे चेहरे, चेटकिणीच्या वेशातली कुत्री. एका चौकात जुन्या दूरदर्शन मालिकेतल्या हसऱ्या चेटकिणीचा ब्राँझचा पुतळाही आहे, 2005 चा. तिच्याबरोबर फोटोसाठी रांग होती. सफरचंदाच्या रसातले गरम डोनट मिळतात, दालचिनी-साखरेत घोळलेले. अनारशाची सर नाही, पण चार खाल्ले.

1692 चे चेटकिणींचे खटले सगळ्यांना माहीत आहेत. 19 जणांना फाशी झाली, त्यांत 14 बायका. मला त्यांतल्या पहिलीचा आधीचा रेकॉर्ड हवा होता, ब्रिजेट बिशपचा. चौदा वर्षांपूर्वी ती ब्रिजेट ऑलिव्हर होती. रविवारच्या पवित्र दिवशी नवऱ्याला 'म्हातारा सैतान' म्हटलं, असा आरोप. शिक्षा नवरा-बायको दोघांना: बाजारात पाठीला पाठ लावून, तोंडात बोळा कोंबून तासभर उभं राहायचं, कपाळावर गुन्हा लिहिलेला कागद. किती समान! पण नवऱ्याच्या आधीच्या लग्नाची मुलगी आली आणि बापासाठी वीस शिलिंग भरण्याची परवानगी मिळवून गेली. सावत्र आईसाठी कुणी आलं नाही.

माझ्या मते या सगळ्या कोर्टांची चावी इथे आहे. निकालपत्रात बहुतेक वेळा पर्याय दिलेला असे: इतका दंड, नाहीतर इतके फटके. लग्न झालेल्या बाईच्या हातात स्वतःचा पैसा कायद्यानेच नव्हता. मोलकरणीकडे तर नव्हताच. मग दंड कोण भरणार? नवरा, बाप किंवा धनी. त्यांची मर्जी नसेल तर चाबूक. न्यायाधीशाने भेद केला नाही तरी खिसा करायचा. लग्नानंतर सात महिन्यांच्या आत मूल झालं म्हणून नवरा-बायको दोघांना उभं केल्याच्या नोंदी ढिगाने आहेत. पण पुढे अठराव्या शतकात पुरुष त्या नोंदींतून हळूहळू गळत गेले आणि अनाचाराच्या खटल्यात पिंजऱ्यात उरली एकटी बाई.

सुइणीचं काम ऐकून तर माझ्या अंगावर काटा आला. कुमारी मातेला कळा अगदी टोकाला गेल्या की सुईण विचारायची, बाप कोण? मरणाच्या दारात बाई खोटं बोलणार नाही, हा हिशेब. 1668 च्या कायद्याने तेव्हा घेतलेलं नाव पोटगीसाठी ग्राह्य धरलं. एका परीने तिच्या शब्दाला किंमत होती. पण ती किंमत मिळायला केवढ्या कळा सोसायच्या!

संध्याकाळी बळी गेलेल्यांच्या स्मारकापाशी बसलो. भिंतीतून बाहेर आलेले वीस दगडी बाक (फाशी गेलेले 19 आणि दगडांखाली चिरडून मारलेला एक), प्रत्येकावर एक नाव, 1992 मध्ये बांधलेलं. ब्रिजेटच्या बाकावर कुणी चाफेकळीसारखं पिवळं फूल ठेवलं होतं. भिंतीपलीकडच्या कब्रस्तानात त्याच खटल्यांतल्या न्यायाधीश जॉन हॅथॉर्नचं थडगं आहे, नीट दगड लावलेलं.

चौथा दिवस: हेव्हरिल आणि यॉर्क

सकाळी धुकं आणि बारीक पाऊस. हेव्हरिल हे पर्यटकांचं गाव नाही. आम्ही गेलो ते बागेतल्या एका पुतळ्यासाठी. ब्राँझची बाई, हातात कुऱ्हाड. हॅना डस्टन. 1697 मध्ये बाळंतपणाला आठवडाही झाला नसताना स्थानिक अबेनाकी टोळीने तिला धरून नेलं, तान्ह्या मुलीला मारलं. हॅनाने बरोबरच्या दोघा कैद्यांच्या मदतीने रात्री झोपलेल्या दहा जणांना कुऱ्हाडीने मारलं, त्यांत सहा मुलं होती, आणि त्यांच्या डोक्यांची कातडी केसांसकट कापून आणली. त्याबद्दल वसाहतीने पंचवीस पौंड बक्षीस दिलं. नवऱ्याच्या हातात! विवाहित बाईला पैसे द्यायची सोय नव्हती. पुतळा 1879 चा आहे.

पण मी आले होते तिच्या बहिणीसाठी. एलिझाबेथ एमर्सन. अकरा वर्षांची असताना बापाने तिला धान्य झोडपायच्या दांडक्याने इतकं मारलं, की कोर्टाने बापाला दंड केला. पुढे लग्नाविना एक मुलगी झाली. मग 1691 च्या मे महिन्यात, आईबापांच्याच खोलीत, रात्री, एक शब्द न काढता जुळी झाली. तिने ती पिशवीत शिवून आवारात पुरली. रविवारी आईबाप चर्चमध्ये असताना शेजारी झडतीला आले.

इंग्लंडचा 1624 चा कायदा असा होता: लग्नाविना झालेलं मूल मेलेलं सापडलं आणि आईने जन्म लपवलेला असेल, तर ते मेलेलंच जन्मलं हे तिने साक्षीदारानिशी सिद्ध करायचं. नाहीतर खून. लपून बाळंत झालेल्या बाईने साक्षीदार कुठून आणायचा? तोच कायदा लग्न झालेल्या बाईला लागू नव्हता. पुराव्याचा भार असा उलटा टाकलेला मी आयुष्यभराच्या कागदांत क्वचित पाहिला. मुलांचा बाप म्हणून तिने सॅम्युअल लॅड या विवाहित माणसाचं नाव घेतलं. त्याच्यावर खटला झाला नाही. दोन वर्षं तुरुंगात ठेवून 8 जून 1693 ला एलिझाबेथला बॉस्टनमध्ये फाशी दिली. त्याच दिवशी ग्रेस नावाच्या एका कृष्णवर्णी स्त्रीलाही, त्याच गुन्ह्यासाठी.

पावसात कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईंना मी विचारलं, हिच्या बहिणीची काही खूण आहे का गावात? त्या म्हणाल्या, "हिला बहीण होती?"

तिथून उत्तरेला मेन राज्यातल्या यॉर्कला पोचेपर्यंत ऊन पडलं. दुपारी लॉब्स्टर रोल. म्हणजे शेवंड, पण मसाल्याचा पत्ता नाही, नुसतं लोणी आणि पाव. पहिल्या घासाला मी मनातल्या मनात मालवणी वाटण लावलं. तिसऱ्या घासाला ते काढून टाकलं. शेवंड ताजी असली की तिला काही लागत नाही. किमती रोज बदलतात, तेव्हा बसण्याआधी विचारा. जुना तुरुंगही थंडीत बंद असतो, वेळा बघून जा.

तुरुंगाची इमारत 1719 ची आहे. लालसर लाकडी घर वाटतं, पण आत गेलं की हातभर जाडीच्या दगडी भिंती. खिडकीच्या चौकटीत करवतीची पाती बसवलेली आहेत, हात घालेल त्याचा हात जाईल. मी मात्र त्याच्याही आधीचा, याच प्रांतातल्या कोर्टाचा निकाल घेऊन आले होते. साल 1651, महिना ऑक्टोबरच.

मेरी बॅचिलर. नवरा स्टीफन बॅचिलर, पाद्री, हॅम्प्टन गावाचा संस्थापक, वय नव्वदीच्या घरात. मेरी त्याच्या नातीच्या वयाची. शेजारच्या जॉर्ज रॉजर्सपासून ती गरोदर राहिली. जॉर्जला शिक्षा: ताबडतोब उघड्या अंगावर चाळीसला एक कमी फटके. मेरीला शिक्षा: बाळंत झाल्यावर सहा आठवड्यांनी, किटरीच्या पहिल्या गावसभेत, चाळीसला एक कमी फटके, आणि 'ए' अक्षराचा डाग. कापडाचा नव्हे, तापल्या लोखंडाचा.

तुरुंग दाखवणाऱ्या तरुण मुलाला मनूने विचारलं, सरळ एकोणचाळीस का नाही म्हणत? तो म्हणाला, बायबलमध्ये चाळीसची मर्यादा आहे, मारणाऱ्याचा हिशेब चुकून एक जास्त पडू नये म्हणून एक आधीच सोडायचा. मला हे पटलं. मोजणीत चूक होऊ नये याची काळजी घेणारं कोर्ट. सहा आठवडे वाट बघणारं कोर्ट. फक्त शेवटची ओळ एकाच नावापुढे होती.

पाच वर्षांनी, 1656 मध्ये, मेरीने घटस्फोटासाठी अर्ज केला. म्हातारा इंग्लंडला निघून गेला होता, आणि तिकडे त्याने दुसरं लग्न केल्याचं तिच्या कानावर आलं होतं. पदरात मुलं होती, आणि नवरा जिवंत असल्यामुळे दुसरं लग्न करायची सोय नव्हती. मी तो मजकूर वहीत उतरवून घेत होते, तेव्हा मनूने मागून येऊन विचारलं, "आई, तो तिकडे दुसरं लग्न करून बसला, त्याला काय शिक्षा?"

मी वही बंद केली. पार्किंगची वेळ संपायला दहा मिनिटं होती.